छप्पन लिहिताना आधी काय?

नमस्कार श्रोतेहो. पहिली ते तिसरीतल्या मुलांचं वाचन आणि गणित घरी कसं घ्यायचं, याबद्दल आज बोलायचं आहे. इंदूरच्या मराठी घरातलं मूल शाळेत इंग्रजी ऐकतं, गल्लीत हिंदी आणि घरी मराठी. तीन भाषा येतात हे चांगलंच. पण काही चुका या भाषांच्या सांध्यावर होतात, आणि आपण त्यांना आळस समजून बसतो.

आधी वाचन. रोज पंधरा मिनिटं पुरेत. मुलाला समोर नाही, शेजारी बसवा, म्हणजे पान दोघांना सरळ दिसतं. पुस्तक झेपतंय का हे बघायला एक पान वाचायला लावा आणि प्रत्येक अडलेल्या शब्दाला एक बोट मुडपा. पान संपायच्या आत पाचही बोटं मिटली, तर ते पुस्तक अजून जड आहे. ते तुम्ही वाचून दाखवा, मुलाला सोपं द्या.

शब्द अडला की लगेच सांगू नका. मनातल्या मनात पाचपर्यंत मोजा. पुन्हा सांगते, पाचपर्यंत मोजून थांबा. तरी नाही आला तर सरळ सांगून टाका, मुलानं तो एकदा म्हणायचा आणि पुढे जायचं. 'अगं, कालच तर वाचला होतास!' हे वाक्य मात्र गिळायचं.

अडायच्या जागा ठरलेल्या असतात. घ आणि ध, भ आणि म. मग पहिली वेलांटी. 'दिवा' या शब्दात वेलांटी द-च्या आधी दिसते, पण उच्चारात नंतर येते. डावीकडून एकेक खूण वाचत जाणारं मूल तिथे थबकणारच. बोट वेलांटीवर नाही, अक्षरावर ठेवायला शिकवा. आणि 'शाळा'ला 'शाला' म्हटलं तर मध्येच अडवू नका. तो डोळ्यांचा नाही, हिंदी कानाचा प्रश्न आहे. परिच्छेद संपला की 'शाळा' नीट म्हणून दाखवा. मोबाइलवर गोष्टी वाचून दाखवणारी ॲप असतात, त्यांचं मला फारसं कौतुक नाही. ती कुणासाठी पाच सेकंद थांबत नाहीत. केंद्र सरकारच्या निपुण भारत योजनेत तिसरीअखेर मिनिटाला साठ शब्द समजून वाचावेत असं लक्ष्य आहे, पण म्हणून घरी घड्याळ लावून बसू नका. 'समजून' हा शब्दही त्यातच आहे.

आता गणित. इथे मला लोकमान्य नगरातल्या एका घराची गोष्ट सांगायचीच आहे.

नात दुसरीत, शाळा इंग्रजी. संध्याकाळी आबा अंक सांगायचे आणि ती लिहायची. आबा म्हणाले, 'छप्पन.' तिनं लिहिलं ६५. 'त्रेचाळीस.' लिहिलं ३४. 'एकोणतीस.' लिहिलं ३९. आबांचा पारा चढला. 'छप्पन दहा वेळा लिही!' तिनं अगदी मन लावून दहा वेळा ६५ लिहिलं.

आजी भाजी निवडत होती. तिनं पर्स आणली, दहाच्या नोटा आणि रुपयाची नाणी सतरंजीवर ओतली आणि म्हणाली, 'मला छप्पन रुपये दे गं.' नातीनं आधी सहा नाणी मोजली, मग पाच नोटा. रक्कम अगदी बरोबर! आजी म्हणाली, 'अहो, हिला छप्पन कळतं. ही ऐकते तसं लिहिते.'

बघा, छप्पन म्हणताना सहा आधी येतात, पन्नास नंतर. त्रेचाळीसमध्ये तीन आधी, चाळीस नंतर. हिंदीतही छप्पनच. इंग्रजीत मात्र फिफ्टी आधी, सिक्स नंतर. शाळेत एक क्रम, घरी उलटा. एकोणतीसची तऱ्हा आणखी वेगळी. एकोण म्हणजे एक कमी. मुलाच्या कानात 'तीस' पडतं, ते तीन लिहून मोकळं होतं. बरं, एकोणनव्वदपर्यंत हा नियम नीट चालतो आणि नव्व्याण्णवला मोडतो!

आजीनं वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ मारली. डावीकडे नोटा, उजवीकडे नाणी. नियम एकच, शब्द पूर्ण ऐकायचा. छप्पन. मग फोडून म्हणायचं, 'पन्नास आणि सहा.' मग नोटा मांडायच्या, मग नाणी, आणि त्यांच्याखाली आकडा. पहिले काही दिवस खरे पैसे, पुढे नुसती रेघ, शेवटी रेघही नाही. एकोणतीस आलं की तीन नोटा ठेवायच्या, एक मोडून दहा नाणी घ्यायची आणि त्यातलं एक नाणं आजीला परत. राहिल्या दोन नोटा, नऊ नाणी.

पुढच्या रविवारी सगळे छप्पन दुकानला, म्हणजे आपल्या इंदूरच्या खाऊगल्लीत गेले. पाटीवरचा ५६ बघून नात म्हणाली, 'यांनी बरोबर लिहिलंय.' पण खरी गंमत पुढे आहे. एकदा आबा फोनवर कुणाचा तरी नंबर लिहून घेत होते. पलीकडून दोन-दोन आकडे सांगणं चाललेलं. 'त्रेपन्न' ऐकल्याबरोबर आबांच्या पेनानं ३ काढला, थबकला, खोडला. मागून आवाज आला, 'आबा, पहिले नोटा!'

ही अडचण फक्त आपल्या घरची नाही. २०१९मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात एकवीस, बावीससाठी 'वीस एक', 'वीस दोन' असं संख्यावाचन आलं, तेव्हा महाराष्ट्रात केवढी थट्टा झाली! विधानसभेतसुद्धा. मंगला नारळीकर त्या गणित समितीच्या अध्यक्ष होत्या. जोडाक्षरं आणि उलटा क्रम लहान मुलांना जड जातो, हे त्यांचं म्हणणं होतं. मला स्वतःला तेवीस, सत्तावीस हे शब्द टाकवत नाहीत. सव्वा, दीड, अडीचही टाकवत नाहीत, आणि आपली मुलं हल्ली 'डेढ' म्हणतात तेव्हा जीव कळवळतो. पण दुखणं त्या समितीनं बरोबर ओळखलं होतं. असो.

वेळ थोडा उरलाय, म्हणून बाकीचं भरभर सांगते. एकशे आठ सांगितलं की मूल १००८ लिहितं, कारण ते शंभर लिहून पुढे आठ जोडतं. तीन वाट्या मांडा. शंभराची एक नोट, दहाची एकही नाही, नाणी आठ. रिकाम्या वाटीखाली शून्य लिहायचं.

आणि वजाबाकी. बावन्नातून सत्तावीस गेले, उत्तर ३५. ही चूक हमखास होते. मूल दोनातून सात जात नाहीत म्हणून सातातूनच दोन काढतं. नुसतं 'हातचा घे' म्हणून भागत नाही. पाच नोटा, दोन नाणी मांडा आणि सात नाणी मागा. मूल म्हणेल, नाहीत. मग एक नोट मोडायची. झाल्या चार नोटा, बारा नाणी. त्यातून दोन नोटा आणि सात नाणी दिली, उरले पंचवीस. लक्षात ठेवा, आधी मोडायचं, मग द्यायचं. आधी मोडायचं, मग द्यायचं.

सुट्टे पैसे नसतील तर आइस्क्रीमच्या काड्या घ्या आणि दहा-दहाच्या जुड्या रबरानं बांधा. फक्त जुडी मोडायची वेळ आली की रबर मुलालाच काढू द्या.

नमस्कार.