ज्याचं त्याचं माप

(दृश्य : मिरज. डिसेंबरची सकाळ. आधी शिवणाच्या मशीनचा आवाज, मग चित्र.)

मिशन हॉस्पिटलच्या मागच्या बाजूची ही गल्ली. डिसेंबर लागला की या खोलीतलं मशीन रात्री अकराच्या आत थांबत नाही. भिंतीवरच्या खिळ्यांना पिशव्या लटकल्यात. प्रत्येक पिशवीत एक ब्लाउजपीस, मापाचा एक जुना ब्लाउज आणि वहीच्या पानावर लिहिलेली चिठ्ठी. नाताळ पंधरा दिवसांवर आलाय.

मशीनवर बसलेल्या या मावशींनी इथल्या अर्ध्या मंडळीचे, म्हणजे चर्चच्या सभासदांचे, कपडे शिवलेत. लग्नाचे, बाप्तिस्म्याचे, पुढं मोठेपणी विश्वास जाहीर करतात त्या दृढीकरणाचे, आणि कुणी गेलं तर रातोरात शिवून द्यायचे तेही. समोर एक आई आणि तिची कॉलेजातली मुलगी उभी आहे. ब्लाउजच्या मागच्या गळ्यावरून दोघींचं बिनसलंय.

मावशी टेप गळ्यात अडकवून सांगतात, "आई म्हणती पाच इंच, पोरगी म्हणती नऊ. मी सातावर खडू मारते. दोघी रुसतात."

हा चार इंचांचा वाद मी लहानपणापासून ऐकत आलेय. तो फक्त कापडाचा नाही. अंगावरच्या कपड्याला जबाबदार कोण, आणि त्या कपड्याकडे बघणाऱ्या डोळ्याला जबाबदार कोण, असा तो वाद आहे. आपल्या मंडळ्यांत यातल्या पहिल्या प्रश्नावर भरपूर बोलतात. दुसऱ्यावर फार कमी.

(दृश्य : रिकामं चर्च. बाकांच्या दोन रांगा. पुढच्या बाकावर उपासना संगीताचं पुस्तक.)

मी चौदा वर्षांची होते. पाहुणी म्हणून गेलेल्या एका मंडळीत नाताळच्या उपासनेला गायनवृंदात उभी होते. मामीनं शिवलेला निळा ड्रेस, बाह्या नसलेला. गाणं सुरू व्हायच्या आधी एक वडीलधारे पुढं आले आणि हळू आवाजात म्हणाले, "तू मागं बस. तुझ्यामुळं पोरांचं लक्ष उडतं." मी मागं जाऊन बसले. हातातलं पुस्तक त्याच पानावर उघडं होतं, ओळी पाठ होत्या, तोंडातून आवाज फुटला नाही. पोरांना कुणी काही म्हणालं नाही. त्यांचं लक्ष कुठं असावं, हे त्यांना विचारायची गरज त्या दिवशी कुणालाच वाटली नाही.

त्या माणसाबद्दल आज माझ्या मनात राग नाही. ते वाक्य मात्र मनातून जात नाही, कारण ते त्यांनी घडवलेलं नव्हतं. ते फार जुनं आहे.

बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय उघडा. माणसानं पहिल्यांदा अंग झाकलं ते याच अध्यायात, अंजिराची पानं शिवून. आणि माणसानं पहिल्यांदा दुसऱ्याकडं बोट दाखवलं तेही याच अध्यायात. देव आदामाला विचारतो, तू खाल्लंस का? आदाम म्हणतो, तू मला दिलेल्या त्या बाईनं दिलं, म्हणून खाल्लं. एका दमात बायकोवरही ढकललं आणि देवावरही. कपडा आणि सबब एकाच दुपारी जन्माला आले. तेव्हापासून एकाच्या आडून दुसरं चालू आहे.

देवानं ती सबब चालवून घेतली नाही. प्रत्येकाला त्याचं त्याचं विचारलं. आणि अध्याय संपायच्या आधी त्यानंच दोघांना चामड्याची वस्त्रं करून घातली. हाकलायच्या आधी कपडे घालणारा देव! शाब्बाथ शाळेत हे चित्र आम्हाला कुणी थांबून दाखवलं नाही. झाकणं ही तिथं शिक्षा नाही, माया आहे.

दावीद राजाची गोष्ट तर सगळ्यांना ठाऊक असते. संध्याकाळी तो गच्चीवर फिरतो, खाली बथशेबा स्नान करताना दिसते. ती दुसऱ्याची बायको, तरी तो तिला बोलावून घेतो. शेकडो उपदेशांत आपण ऐकलंय की ती तिथं स्नान करत होती, म्हणून झालं. शास्त्र असं म्हणत नाही. नाथान संदेष्टा येतो तो राजाकडं. गरिबाची एकुलती एक मेंढी श्रीमंतानं ओढून नेल्याची गोष्ट सांगतो, आणि दावीद भडकल्यावर म्हणतो, तो मनुष्य तूच आहेस. गोष्टीतल्या मेंढीला दोष नाही.

आणि येशू. डोंगरावरच्या प्रवचनात तो वाईट नजरेबद्दल बोलतो तेव्हा बोलतो ते पुरुषाशी. जो वासनेनं बघतो त्यानं मनात व्यभिचार केलाच आहे. त्यावर उपाय काय सांगतो? तुझा उजवा डोळा तुला अडखळवत असेल तर तो उपटून टाक. तुझा डोळा. समोरचीचा पदर नाही. जुन्या करारातल्या ईयोबानं तर त्याच्या कितीतरी आधी आपल्या डोळ्यांशी करार केला होता, कुमारीकडं वाईट नजरेनं बघणार नाही असा.

(दृश्य : सातारा. पोवई नाक्यावरची गर्दी, मागं अजिंक्यतारा. मग एका खोलीत खुर्च्यांचं वर्तुळ, तरुण संघाची बैठक.)

साताऱ्यात तरुण मुलांच्या एका बैठकीत आम्ही कॅमेरा लावला. पाळकसाहेबांनी सांगितलं होतं, चेहरे दाखवू नका. म्हणून हातच दिसतील. विषय होता मोबाईल. रात्री एकट्यानं काय बघतो, हे एका मुलानं सगळ्यांसमोर सांगितलं. सांगताना तो खुर्चीच्या कडेचं रेक्झिन सोलत होता. मग म्हणाला, "रस्त्यावरच्या पोरींच्या कपड्यांवर मी पण बोलायचो. माझ्या खोलीत तर कुणी पोरगी नव्हती."

बराच वेळ कुणी बोललं नाही. पंख्याचा आवाज तेवढा आला आहे. तो आम्ही ठेवलाय.

मग अंगावर कपडा घालणाऱ्याची जबाबदारी काहीच नाही का? आहे. मी तरुण मुलींना ते टाळून सांगणार नाही. प्रेषित पौलापुढं करिंथच्या मंडळीतून असाच प्रश्न आला होता, कपड्याचा नव्हे, मूर्तीपुढं ठेवलेल्या नैवेद्याचा. ते मांस खाण्यात पाप नाही, हे त्याला ठाऊक होतं. पण आपल्या खाण्यानं एखाद्या दुबळ्या भावाचा पाय घसरत असेल तर मी मांस कधीच खाणार नाही, असं तो लिहितो. या वाक्यात सगळ्यात मोठा शब्द "मी" आहे. पौल आपलं स्वातंत्र्य आपल्या हातानं बाजूला ठेवतो. दुसऱ्याच्या ताटातलं उचलून फेकत नाही. हाच मुद्दा मला त्या नऊ इंचवाल्या मुलीला सांगायचाय आणि त्या वडीलधाऱ्यांनाही. मर्यादा ज्यानं त्यानं प्रेमापोटी स्वतःला घालून घ्यायची असते. दुसऱ्यानं टेप हातात घेतली की तिचा पहारा होतो.

(दृश्य : सांगली. कापडपेठ. दुकानात पसरलेले शालू.)

आता ते वचन, जे सगळ्यात जास्त वेळा बायकांना वाचून दाखवतात. पौलानं आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, लिहिलेलं पहिलं पत्र, दुसरा अध्याय, नववं वचन. स्त्रियांनी साजेशा वेषानं, भिडेनं आणि मर्यादेनं स्वतःला शोभवावं. इथवर वाचतात आणि पुस्तक मिटतात. पुढं काय आहे? केस गुंफणं, सोनं, मोती, भारी किमतीची वस्त्रं. पौलाच्या यादीत बाहीची लांबी नाही, गळ्याची खोली नाही. आहे तो पैसा. तीमथ्य इफिसात होता, अर्तमी देवीच्या देवळाच्या श्रीमंत शहरात. तिथल्या मंडळीत गुलामही बसत आणि मालकिणीही. मालकिणीचं सोनं गुलामाच्या डोळ्यावर चमकू नये, ही ती मर्यादा.

आणि त्याच्या आधीचं आठवं वचन? ते पुरुषांना आहे. राग आणि वाद सोडून पवित्र हात वर करून प्रार्थना करा. "साजेसा" यासाठी मूळ ग्रीकमध्ये जो शब्द बायकांच्या वेषाला आलाय, तोच पुढच्या अध्यायात मंडळीच्या अध्यक्षाच्या वागण्याला आलाय. एकच शब्द. बाईच्या साडीला आणि पुढाऱ्याच्या स्वभावाला.

हे माप लावलं तर आपल्या लग्नांचं काय होईल? पांढऱ्या साडीला जरीचे काठ वाढत गेले. साडीवर शालू आला, शालूवर रिसेप्शनचा घागरा आला. मुलीच्या बापानं पतसंस्थेचं कर्ज काढलं, आणि गळा पाच इंचांचा आहे म्हणून सगळ्यांनी तिला मर्यादाशील म्हटलं. याकोबाच्या पत्रात सोन्याची अंगठी घातलेल्या माणसाला पुढं बसवतात आणि मळक्या कपड्यातल्याला पायाशी. त्यावर याकोब फार कडक बोलतो. मला वाटतं आज आपल्याला त्याची जास्त गरज आहे.

(दृश्य : वानलेसवाडी. अंगणात खुर्चीवर एक आजी. पांढरी साडी, डोक्यावरून पदर.)

ज्यांच्या नावानं ही वाडी आहे त्या डॉ. विल्यम वानलेस यांनी 1894 साली मिरजेत रुग्णालय सुरू केलं. या आजी नर्स होत्या. नव्वदीच्या पुढं आहेत. आजही चर्चला निघताना साडीच्या निऱ्या घोट्याला टेकल्या आहेत का, हे त्या वाकून बघतात. वाकता येत नाही, तरी बघतात.

मला आधी वाटायचं, हा जुना कर्मठपणा. एकदा त्यांनी पदर नीट करत सांगितलं, "माझ्या आजीला एवढं लांब नेसायची मुभा नव्हती गं. लुगडं वर खोचूनच नेसायचं. गावचा नियम."

आमच्या भागातल्या कितीतरी ख्रिस्ती घरांची मुळं गावकुसाबाहेरची आहेत. कुणी काय नेसायचं आणि किती, हे जात ठरवत होती. डिसेंबर 1927 मध्ये महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकर बायकांना हेच सांगत होते. तुमच्या लुगडं नेसण्याच्या पद्धतीवरून तुमची जात ओळखतात, ती पद्धत सोडा, अंगावरची ती चांदीची ओझी सोडा, स्वच्छ नेसा. त्याच्याही आधी दक्षिणेतल्या त्रावणकोर संस्थानात नाडार जातीच्या बायकांनी, त्यांतल्या बऱ्याच ख्रिस्ती झालेल्या, छाती झाकायच्या हक्कासाठी मार खाल्ला. त्यांच्या अंगावरचे कपडे भर बाजारात फाडले गेले. 1859 साली तिथल्या महाराजांना जाहीरनामा काढून झाकायची परवानगी द्यावी लागली.

आजींच्या घोट्यापर्यंतच्या निऱ्या त्या रांगेतल्या आहेत. पोरांची लक्षं उडू नयेत म्हणून त्या नेसलेल्या नाहीत. मी देवाच्या घरी सरळ उभी राहू शकते, एवढं त्यांना त्या साडीतून म्हणायचं असतं. नातीला त्या कधी टाकून बोलत नाहीत. नात जीन्स घालून शेजारी बसते, आजी तिच्याकडं उपासना संगीत सरकवतात, आपल्याला दिसत नाही तो गीताचा अंक तिला वाचायला लावतात.

हाच धागा पंडिता रमाबाईंच्या जाड्याभरड्या पांढऱ्या साडीत दिसतो. बाप्तिस्मा इंग्लंडमध्ये घेतला, 1883 साली, पण वेष बदलला नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीही 1917 साली साताऱ्यात "देवाचा दरबार" हा ख्रिस्तभक्तांचा संघ सुरू केला तेव्हा मिशनचा पगार सोडून साधं राहणं पत्करलं. दोघांनाही ते कुणी नेमून दिलं नव्हतं.

(दृश्य : पुन्हा मिरज. 24 डिसेंबर, रात्र. गल्लीत कागदी तारे, कुठंतरी कॅरल गाणारी टोळी.)

खिळ्यांवरच्या पिशव्या संपत आल्यात. ती आई एकटीच ब्लाउज न्यायला आली आहे. ती ब्लाउज उलटा करून मागचा गळा बघते. सात इंच. बोटं फिरवते, काही म्हणत नाही. मग स्वतःच्या शालूच्या ब्लाउजची पिशवी मावशींसमोर ठेवते. त्याला लावायची मोत्यांची झालर नको म्हणते, साधी पट्टी घाला म्हणते. का, ते आम्ही विचारलं नाही. झालरीचे पैसे मावशी परत करू लागतात तेव्हा ती हात मागं घेते.

"नाताळच्या गोरगरिबांच्या दानाच्या ताटात घाला," म्हणते आणि जाते.

मावशी ते पैसे बरणीखाली ठेवतात. दोरा तोडतात, सुई उशीत खोचतात. साडेअकरा वाजलेत. कोपऱ्यात एक घडी केलेलं कापड आठ दिवसांपासून तसंच पडलंय. त्यांच्या स्वतःच्या ब्लाउजचं. त्या ते उचलतात, झटकतात आणि टेप गळ्यातून काढून स्वतःच्या खांद्याला लावतात.