न्यायमूर्तींना जाब कोण विचारणार?

नमस्कार. तारीख 11 मे 1993. लोकसभेत मतदान झालं, सुप्रीम कोर्टाच्या एका न्यायाधीशाला पदावरून काढायचं का, यावर. ठरावाच्या बाजूनं 196 मतं पडली. विरोधात एकही नाही. तरीही ठराव फेटाळला गेला!

कारण काँग्रेस आणि मित्रपक्षांच्या 205 खासदारांनी मतच दिलं नाही. न्यायाधीशाला हटवायचं तर नुसतं बहुमत पुरत नाही. दोन्ही सभागृहांत एकूण सदस्यसंख्येच्या निम्म्याहून जास्त मतं लागतात, आणि मतदान करणाऱ्यांपैकी दोन तृतीयांशही लागतात.

ते न्यायाधीश होते व्ही. रामस्वामी. पंजाब-हरियाणा हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश असताना सरकारी निवासस्थानाच्या फर्निचरवर, गालिच्यांवर वारेमाप खर्च केल्याचा आरोप होता. चौकशी समितीचे अध्यक्ष आपले मराठी न्यायमूर्ती पी. बी. सावंत. समितीनं 14 पैकी 11 आरोपांत त्यांना दोषी धरलं. रामस्वामी निवृत्त होईपर्यंत पदावर राहिले.

मग नियम सोपा करून टाकावा का? मला तसं वाटत नाही, आणि त्याचं कारण आणीबाणीत सापडतं. 1976 मध्ये सुप्रीम कोर्टापुढे प्रश्न होता: सरकारनं बेकायदा डांबून ठेवलेल्या माणसाला कोर्टात दाद मागता येते की नाही? पाचपैकी चार न्यायाधीश म्हणाले, आणीबाणीत येत नाही. त्या चौघांत पुण्याचे यशवंतराव चंद्रचूडही होते. एकटे एच. आर. खन्ना विरोधात उभे राहिले. पुढच्याच जानेवारीत त्यांची ज्येष्ठता डावलून एम. एच. बेग सरन्यायाधीश झाले आणि खन्नांनी राजीनामा दिला. सरकारला त्यांचं सरन्यायाधीशपद हिरावता आलं, पण खुर्चीवरून खाली खेचता आलं नाही. साध्या बहुमतानं न्यायाधीश हटवता येत असता, तर त्या काळात असा निकाल लिहायला कोण धजावलं असतं? म्हणून ही अट कठीणच हवी.

माझी तक्रार वेगळी आहे. तालुका किंवा जिल्हा न्यायाधीशाचं काही चुकलं तर हायकोर्ट त्याची विभागीय चौकशी करतं, निलंबित करतं, वेतनवाढ रोखतं, सक्तीनं घरी बसवतं. चुकीच्या मानानं शिक्षा. हायकोर्ट आणि सुप्रीम कोर्टाच्या न्यायाधीशांना मात्र घटनेत एकच शिक्षा आहे, थेट पदच्युती. आजवर ती एकालाही झालेली नाही. कलकत्ता हायकोर्टाच्या सौमित्र सेन यांच्याविरुद्धचा ठराव 2011 मध्ये राज्यसभेनं मंजूर केला, पण लोकसभेत मतदान होण्याआधीच त्यांनी राजीनामा दिला आणि विषय तिथेच संपला.

मधला रस्ता शोधायची सुरुवात आपल्या मुंबईतून झाली. 1995 मध्ये मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश ए. एम. भट्टाचार्जी यांच्या पुस्तकाच्या मानधनावरून वाद पेटला. वकील संघटनांनी राजीनामा मागितला, त्यांनी तो दिला. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. कोर्टानं सांगितलं की वकिलांनी असा दबाव आणू नये, तक्रार सरन्यायाधीशांपर्यंत न्यावी. त्यातून न्यायाधीशांनीच न्यायाधीशांची चौकशी करण्याची अंतर्गत पद्धत आली.

2025 मध्ये ती सगळ्यांनी पाहिली. दिल्ली हायकोर्टाचे न्यायमूर्ती यशवंत वर्मा यांच्या बंगल्याच्या आवारात आग लागली आणि तिथे जळालेल्या नोटा सापडल्याचं समोर आलं. त्यांनी आरोप नाकारले. सरन्यायाधीश संजीव खन्ना यांनी (हे एच. आर. खन्नांचे पुतणे) तीन न्यायाधीशांची समिती नेमली आणि आगीचा व्हिडिओसुद्धा कोर्टाच्या वेबसाइटवर टाकला. इतका मोकळेपणा आपल्याकडे क्वचितच दिसतो. पण समितीचा अहवाल आल्यावर सरन्यायाधीशांना करता काय आलं? तो राष्ट्रपती आणि पंतप्रधानांकडे पाठवला. हटवण्याचा अधिकार पुन्हा संसदेकडेच.

ताकीद, ठरावीक काळ कामापासून दूर ठेवणं, अशा मधल्या शिक्षा कायद्यात लिहायला हव्यात. त्या देणारं मंडळ बहुतांशी न्यायाधीशांचंच असावं, मंत्र्यांचं नको. तक्रार खरी ठरली तर अहवाल लोकांना वाचायला मिळावा. आणि राजीनामा दिला म्हणून चौकशी थांबू नये. लोकसभेनं 2012 मध्ये न्यायालयीन उत्तरदायित्वाचं विधेयक मंजूर केलं होतं, त्यात ताकीद देण्याची सोय होती. राज्यसभेत ते अडकलं आणि 2014 मध्ये लोकसभेची मुदत संपताच बाद झालं. ते दुरुस्त करून पुन्हा आणा, असं आपण आपापल्या खासदाराला नक्की सांगू शकतो.