सळईला दिलेले पाणी

श्रोतेहो, नमस्कार.

घर बांधायला काढलेला माणूस लोखंडाच्या दुकानात गेला, की साधारणपणे दोन प्रश्न विचारतो. आज भाव काय, आणि माल पाचशेचा आहे की साडेपाचशेचा. पहिला प्रश्न रास्तच आहे. दुसऱ्या प्रश्नामागे मात्र आकडा जितका मोठा तितकी सळई चांगली अशी समजूत असते, आणि ती अर्धीच खरी आहे. काँक्रीटमध्ये घालायची कंगोरेदार सळई, जिला आज सगळेच टीएमटी (थर्मो-मेकॅनिकली ट्रीटेड) म्हणतात, ती कारखान्यात कशी घडते हे एकदा नीट पाहिले, म्हणजे उरलेली अर्धी बाजू ध्यानात येते.

काँक्रीट दाब उत्तम सोसते, पण ओढ सोसण्याची त्याची ताकद दाबाच्या साधारण एक दशांश इतकीच असते. स्लॅबच्या आणि तुळईच्या ज्या बाजूला ओढ येते तिथे पोलाद घालायचे, हा विचार युरोपात एकोणिसाव्या शतकात रुजला. झोसेफ मोनिए या फ्रेंच माळीबुवांनी १८६७ साली तारांची जाळी घातलेल्या सिमेंटच्या कुंड्यांचे पेटंट घेतले, तर अमेरिकेत अर्नेस्ट रॅन्सम यांनी १८८४ साली पीळ दिलेल्या चौकोनी सळईचे. गुळगुळीत सळई काँक्रीटमधून सरकते, ही अडचण तेव्हापासूनची आहे. आपल्याकडेही आधी गुळगुळीत गोल सळई वापरत, आणि ती सरकू नये म्हणून तिच्या टोकांना आकडे वळवत. त्यानंतर थंड अवस्थेत पीळ दिलेली टोर सळई आली. चाळीस वर्षांपूर्वीच्या इमारतीचा एखादा कोपरा फुटला, की आत मळसूत्रासारख्या रेघा फिरलेली सळई दिसते, ती हीच. पिळामुळे तिची ताकद वाढत असे, पण ताणले जाण्याची क्षमता कमी होई आणि ती गंजेही लवकर. टीएमटीने तिला बाजारातून जवळजवळ हद्दपार केले.

महाराष्ट्रात ही सळई कशी बनते हे पाहायचे, तर जालन्याला जावे. बियाण्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या या शहराजवळ ना लोहखनिजाची खाण आहे, ना कोळशाची, ना समुद्र. तरीही सळईच्या धंद्यातले हे देशातले एक मोठे केंद्र आहे. येथे पोलाद दगडापासून नव्हे, तर भंगार आणि स्पंज आयर्न (लोहखनिज न वितळवता तयार केलेले सच्छिद्र लोखंड) यांच्या मिश्रणापासून, विजेवर चालणाऱ्या इंडक्शन भट्टीत तयार होते. भट्टी म्हणजे तांब्याच्या पोकळ नळीच्या वेटोळ्यात बसवलेले, आतून सिलिकेच्या भुकटीचे अस्तर ठोकून दिलेले एक मोठे भांडे. वेटोळ्यातून वीज वाहू लागली, की भांड्यातला धातू स्वतःच तापून वितळतो, घुसळू लागतो आणि १,६०० अंश सेल्सिअसच्या पुढे जातो. एक टन माल वितळवायला साधारण ६०० युनिट वीज लागते, आणि म्हणूनच कच्च्या मालाखालोखाल वीजबिल हीच इथल्या कारखानदाराची मोठी चिंता असते.

आता एक गोष्ट मला थोडी थांबून सांगायची आहे, कारण पुढचे सगळे तिच्यावर अवलंबून आहे. सिलिकेचे अस्तर असलेली ही भट्टी धातू वितळवते, पण त्यातले स्फुरद आणि गंधक काढून टाकू शकत नाही. शेतकरी श्रोत्यांना स्फुरद खताच्या गोणीवरून ओळखीचे आहे. पिकाला ते हवे असते, पोलादाला नको असते. स्फुरद वाढले की थंड पोलाद ठिसूळ होते, आणि गंधक वाढले की तापलेले पोलाद लाटणाऱ्या रोलांखाली चिरते. भंगारातून आलेले तांबे आणि कथील तर कोणत्याच भट्टीला सहजासहजी काढता येत नाही. त्यामुळे भट्टीवरचा जाणता माणूस भट्टीपेक्षा भंगाराच्या ढिगाकडे जास्त लक्ष देतो. वितळलेल्या रसातून लहानसा नमुना काढून तो स्पेक्ट्रोमीटरवर ठेवतात, ठिणगी पाडतात आणि काही मिनिटांत प्रत्येक घटकाचे प्रमाण हाती येते. सळयांसाठीच्या भारतीय मानक १७८६ नुसार ५०० प्रतीच्या सळईत स्फुरद ०.०५५ टक्क्यांपर्यंत चालते, आणि ५०० डी या जास्त चिवट प्रतीत ते ०.०४० टक्क्यांच्या वर जाता कामा नये. कर्बाची मर्यादाही अनुक्रमे ०.३० आणि ०.२५ टक्के अशी उतरती आहे. आकडा कमाल मर्यादेबाहेर निघाला, तर चांगले भंगार घालून ते प्रमाण उतरवायचे, किंवा ज्या कारखान्यात लॅडल शुद्धीकरणाची, म्हणजे रस वेगळ्या भांड्यात घेऊन शुद्ध करण्याची, सोय आहे तिथे गंधक तरी कमी करून घ्यायचे. स्फुरदाला ती सोयही फारशी उपयोगी पडत नाही.

शुद्ध ठरलेला रस सततच्या ओतकामाच्या यंत्रात जातो आणि पाण्याने थंड केलेल्या तांब्याच्या साच्यांतून चौकोनी बिलेट होऊन बाहेर पडतो. बिलेटची बाजू बहुधा १०० ते १३० मिलिमीटर असते. काही ठिकाणी ते थंड करून, पुन्हा तापवणाऱ्या भट्टीत १,१०० अंशांच्या वर नेऊन मग लाटतात; नव्या कारखान्यांत गरम बिलेट थेट रोलिंग मिलमध्ये घेऊन तेवढे इंधन वाचवतात.

लाटण्याचे गणित मोठे गमतीचे आहे. १०० मिलिमीटर बाजूच्या, सहा मीटर लांबीच्या बिलेटचे वजन सुमारे ४७० किलो भरते, आणि त्याची १२ मिलिमीटरची सळई केली, तर ती ५०० मीटरपेक्षाही लांब निघते. म्हणजे एका टोकाला माणसाच्या चालीपेक्षाही हळू सरकणारा लाल ठोकळा दुसऱ्या टोकाला तिरासारखा सुटत असतो, कारण स्टँडमागून स्टँड, म्हणजे रोलांच्या एकेका जोडीतून जाताना, त्याचा छेद लहान होतो आणि तेवढा वेग वाढत जातो. जुन्या मिलमध्ये रोलमधून बाहेर आलेले लाल टोक कामगार सांडशीत पकडत आणि वळून पुढच्या खाचेत घालत. एक क्षण चुकला तर जळते वेटोळे अंगावर येई. आता बहुतेक ठिकाणी ते काम यंत्रांनी घेतले आहे, पण सळई मार्ग सोडून वर उसळण्याचा प्रकार, ज्याला मिलमध्ये कॉबल म्हणतात, अजूनही होतो, आणि म्हणून त्या पट्ट्याजवळ कोणी उभे राहत नाही.

सळईवरचे कंगोरे या प्रवासाच्या अगदी शेवटच्या स्टँडमध्ये उमटतात. तिथल्या दोन रोलांच्या खाचांत चंद्रकोरीच्या आकाराच्या लहान लहान चिरा कोरलेल्या असतात, आणि मऊ लाल पोलाद त्या चिरांत दाबले जाऊन कंगोरे घेऊन बाहेर येते. कारखान्याचे नाव आणि सळईची प्रत दाखवणारी अक्षरेही त्याच खाचेत उलटी कोरलेली असतात. लांबीच्या दिशेने जाणारे दोन कंगोरे सळईला काँक्रीटमध्ये गोल फिरू देत नाहीत, पण ओढ आली असता धरून ठेवण्याचे काम तिरपे आडवे कंगोरेच करतात. दोन कंगोऱ्यांच्या मध्ये गेलेले सिमेंट घट्ट होते आणि प्रत्येक कंगोरा त्याच्यावर टेकतो. काँक्रीट बांधकामाच्या भारतीय मानक ४५६ प्रमाणे कंगोरेदार सळईची काँक्रीटवरची पकड गुळगुळीत सळईपेक्षा ६० टक्क्यांनी जास्त धरतात. याचा हिशेब प्रत्यक्ष मांडू. एम-२० प्रतीच्या काँक्रीटमध्ये ५०० प्रतीची १२ मिलिमीटरची, म्हणजे साइटवर जिला चार सुती म्हणतात ती सळई, ओढ घेण्यासाठी साधारण ६८० मिलिमीटर आत रुतलेली असावी लागते. तीच सळई गुळगुळीत असती, तर ही लांबी १,०९० मिलिमीटरच्या आसपास गेली असती. म्हणून कंगोऱ्यांची उंची ही दिखाव्याची बाब नाही, आणि मानकाने प्रत्येक जाडीसाठी कंगोऱ्याचे किमान क्षेत्र ठरवून दिले आहे. हजारो मीटर लाल पोलाद घासून रोलची खाच झिजते, चिरा उथळ होतात, आणि वेळेवर खाच बदलली नाही, तर कंगोरे बोटाला जेमतेम जाणवणारे निघतात. उलट कंगोऱ्याच्या मुळाशी तीक्ष्ण कोन राहिला, तर वारंवार ताण येणाऱ्या पुलासारख्या कामात चिरेची सुरुवात तिथूनच होते. म्हणून मुळाशी हलकी गोलाई ठेवावी लागते.

शेवटच्या स्टँडमधून सळई निघते तेव्हा ती सुमारे ९५० ते १,००० अंश तापलेली असते, आणि त्याच वेगात ती पाण्याच्या नळकांड्यांत शिरते. लोहार विळ्याला पाणी देतो, तसेच हे पाणी देणे आहे, फक्त इथे ते एखाद-दुसऱ्या सेकंदात उरकते आणि गाभ्यापर्यंत पोहोचू दिले जात नाही. जोराच्या फवाऱ्याने सळईची बाहेरची साल एकदम थंड होऊन मार्टेन्साइट नावाच्या अतिशय कठीण रचनेत बदलते. गाभा मात्र लालच असतो. सळई पाण्याबाहेर आली, की गाभ्यातली उष्णता सालीकडे येते, साल पुन्हा सुमारे ६०० अंशांपर्यंत तापते आणि तिच्यातला ठिसूळपणा ओसरतो. पुढे कूलिंग बेडवर हवेत निवताना गाभा सावकाश मऊ, चिवट रचनेत स्थिरावतो. सळईचा काप घासून गुळगुळीत केला आणि त्यावर नायट्रिक आम्ल घातलेल्या अल्कोहोलचा बोळा फिरवला, तर काठाने गडद कडे आणि आत फिकट गाभा स्पष्ट दिसतो. कडे सगळीकडून सारख्या जाडीचे आणि न तुटलेले असावे. एका बाजूला जाड आणि दुसरीकडे पातळ दिसले, तर पाण्याची एखादी तोटी तुंबलेली होती असे समजावे. जालन्याच्या उन्हाळ्यात हे पाणी थंड राखणे हेच एक काम असते, आणि २०१२-१३ सारखा दुष्काळ ज्या शहराने पाहिला, तिथे ते गाळून, निववून पुन्हा पुन्हा वापरण्यावाचून गत्यंतर नाही.

आता सुरुवातीच्या आकड्याकडे येऊ. ५०० म्हणजे दर चौरस मिलिमीटरला ५०० न्यूटन, अर्थात सुमारे ५१ किलोची ओढ येईपर्यंत सळई कायमची लांबत नाही. चार सुती सळईच्या बाबतीत हा भार पावणेसहा टनांच्या घरात जातो. पण हा आकडा पाण्याच्या जोरावर गाठता येतो. फवारा वाढवला, सालीचे कडे जाड केले, की स्फुरदाने भरलेल्या पोलादाची सळईही ५०० किंवा ५५० च्या परीक्षेत उत्तीर्ण होऊ शकते. तिला जे येत नाही ते म्हणजे तुटण्याआधी लांबणे. प्रयोगशाळेत १२ मिलिमीटरच्या सळईवर ६० मिलिमीटर अंतरावर दोन खुणा करतात, ती तुटेपर्यंत ओढतात आणि तुकडे जुळवून अंतर पुन्हा मोजतात. ५०० डी प्रतीत ते किमान ६९.६ मिलिमीटर, म्हणजे १६ टक्क्यांनी वाढलेले हवे. साध्या ५०० ला १२ टक्के पुरतात आणि साध्या ५५० ला १० टक्के. म्हणजे साडेपाचशेच्या आग्रहाने जास्त पैसे मोजणारा गिऱ्हाईक ताकद घेतो आणि लवचीकपणा सोडून येतो. भूकंपात इमारतीला हलावे लागते, आणि तेव्हा सळईने ताणले जाऊन ती ऊर्जा पचवणे अपेक्षित असते. २६ जानेवारी २००१ च्या भूजच्या भूकंपात केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादमध्ये काँक्रीटच्या बहुमजली इमारती कोसळल्या. त्याला खालचे मोकळे मजले आणि खांबातल्या सळयांभोवतीच्या रिंगांची सदोष बांधणी अशी अनेक कारणे होती, आणि सळईला दोष देऊन मोकळे होणे बरोबर नाही. पण चिवट सळई आणि १३५ अंशांत वळवलेल्या रिंगा यांचा आग्रह का धरायचा, हे त्यावरून कळते. घरासाठी माझे मत विचाराल, तर ते निःसंशय ५०० डी च्या बाजूने आहे.

प्रयोगशाळा सगळ्यांच्या आवाक्यात नसते, वजनकाटा मात्र असतो. सळईच्या मिलिमीटरमधल्या जाडीचा वर्ग करून त्याला १६२ ने भागले, की एक मीटरचे किलोमधले वजन मिळते. चार सुतीचे ते ८८९ ग्रॅमच्या आसपास येते, आणि मालाच्या एका गठ्ठ्यासाठी या जाडीला मानकात पाच टक्क्यांची सूट आहे, म्हणजे ८४४ ग्रॅमच्या खाली सरासरी जाता कामा नये. अडीच सुतीसाठी, म्हणजे आठ मिलिमीटरसाठी, सूट सात टक्क्यांची असल्याने ही मर्यादा ३६७ ग्रॅम आहे. नगावर सळई विकणाऱ्या दुकानातून माल घेणार असाल, तर निरनिराळ्या सळयांचे चार-पाच तुकडे मोजून आणि तोलून घ्या.

एक विषय राहिला, तो आपल्या गावोगावच्या गच्च्यांवर दिसतो. पुढे मजला चढवायचा म्हणून खांबाच्या सळया वर सोडलेल्या असतात, आणि पैसे जमेपर्यंत दहा-दहा पावसाळे त्या उघड्या उभ्या राहतात. वरवरचा तांबूस गंज पकडीला बाधत नाही, पण पापुद्रे निघू लागले की जाडी घटते आणि आधी कंगोरे जातात. सोडतानाच त्यांच्याभोवती हलक्या काँक्रीटचे वेष्टण घातले, तर पुढे ते फोडून सळई मोकळी करता येते. अडथळा होतो म्हणून या सळया खाली वाकवून ठेवण्याची आणि नंतर गॅसच्या ज्योतीने लाल करून सरळ करण्याची पद्धत मात्र अगदी वाईट आहे. ज्योतीखाली सालीतली ती कमावलेली रचना मोडते, आणि सळई त्या जागी गाभ्याइतकीच मऊ होऊन बसते. वाकलेली सळई सरळ करायचीच असेल, तर थंड अवस्थेत, पाइपाची लांब दांडी घालून सावकाश, आणि तीही एकदाच करावी; बाकाशी चीर दिसली, तर तो भाग कापून नवी सळई पुरेशा लांबीच्या जोडाने किंवा कपलरने, म्हणजे दोन सळया जोडणाऱ्या नळीने, घ्यावी.

नमस्कार.