मागचं चाक तिरकं धावतं तेव्हा

(दृश्य: गोव्यातल्या डिचोलीतलं गॅरेज, पत्र्यावर पाऊस. लिफ्टवर एक लहान हॅचबॅक.)

ही गाडी सरळ रस्त्यावर सरळच जाते, पण स्टिअरिंग मात्र जरा डावीकडे धरून ठेवावं लागतं. वेग वाढला की मागून घूं असा आवाज येतो. गाडी साखळीतल्या एका शिक्षिकेची. पावसाळ्याच्या सुरुवातीला बेळगावहून येताना, चोर्ला घाट उतरल्यावर, पाण्याने भरलेला खड्डा दिसला नाही. पुढचं चाक वाचलं, मागचं डावं सापडलं.

मागचे दोन्ही शॉकअप, म्हणजे धक्के शोषणारे दांडे, एका ठिकाणी बदलूनही झाले. आपल्याकडे मागून आवाज आला की पहिला बळी त्यांचाच. खरं तर शॉकअप खराब असेल तर त्याच्या अंगावर तेलाचे ओघळ दिसतात, टायर ठिकठिकाणी खोलगट झिजतो, आणि डिकी दाबून सोडली की गाडी एकदोनदा हलून थांबत नाही, डुलत राहते. इथे यातलं काहीच नव्हतं.

"टीचर, टायरवरून हात फिरवून बघा," मेस्त, म्हणजे गॅरेजचे मेकॅनिक, सांगतात.

(दृश्य: टायरवरून फिरणारा तळहात, जवळून.)

बाहेरची कड ठीक आहे. आतली कड हाताला करवतीसारखी लागते. म्हणजे चाक गोल फिरतंय, पण तिरकं. चाकाचं तोंड बाहेरच्या बाजूला वळलंय, म्हणून टायर रस्त्यावर नुसता फिरत नाही, थोडा घासतही जातो.

आता शोध बाहेरून आत. आधी रिम. चाक मोकळं फिरवून त्याच्या कडेजवळ स्क्रूड्रायव्हर स्थिर धरायचा. मधली फट कमीजास्त झाली तर रिम वाकलेली. फट सारखीच राहते. मग बेअरिंग. चाक वर-खाली धरून हलवलं, ढिलेपणा नाही. एक हात कॉइल स्प्रिंगवर ठेवून दुसऱ्या हाताने चाक फिरवलं. बेअरिंग खराब असतं तर खरखर स्प्रिंगमधून हाताला कळली असती. स्प्रिंगचा सगळ्यात खालचा वेढाही टॉर्चने पाहून झाला. चोडण-दिवाडीच्या फेरीबोटीवरून रोज ये-जा करणाऱ्या गाड्यांत तो हमखास पाहावा, कारण रॅम्पवरचं खारट पाणी आणि चिखल तिथेच साचतो, गंज चढतो आणि स्प्रिंग तिथेच मोडते.

(दृश्य: चाकांची दिशा मोजणाऱ्या अलाइनमेंट मशीनचा पडदा. तीन चाकं हिरवी, मागचं डावं लाल.)

मागची चाकं जिकडे ढकलतात, गाडीचा मागचा भाग तिकडे सरकू पाहतो आणि तोंड उलट बाजूला वळतं. इथे ती डावीकडे ढकलतायत, म्हणून पुढची चाकंही डावीकडे धरली तरच गाडी सरळ जाते. पुढची सेटिंग फिरवून स्टिअरिंग मधोमध आणता येतं, आणि बरेच जण तेवढंच करून गाडी देतात. मागचा टायर झिजायचा तो झिजतच राहतो.

पुढच्यासारखं मागचं चाक ॲडजस्ट का करत नाहीत? अशा बहुतेक लहान गाड्यांना मागे ट्विस्ट बीम असतो. दोन बाजूंचे दोन हात आणि त्यांना जोडणारी, पीळ घेणारी एक आडवी पट्टी, सगळं एकत्र वेल्ड केलेलं. फिरवायला तिथे बोल्टच नाही.

तरी एक स्वस्त शक्यता उरते. या गाडीत हबचा दांडा, म्हणजे ज्यावर चाक फिरतं तो, चार बोल्टांनी बीमवर बसतो. तोच वाकला असेल तर काम थोडक्यात भागतं. तो काढून नव्या दांड्याशी ताडून पाहिला. सरळ निघाला. वाकलाय तो बीमच.

"तापवून सरळ करून देतात म्हणे?" टीचर विचारतात. मेस्त नकारार्थी मान हलवतात, आणि ते बरोबरच आहे. हा लोखंडी भाग प्रत्येक खड्ड्यागणिक पीळ घेतो आणि सोडतो. गॅसने लाल केला की त्याची ताकद जाते. आज मशीनवर सरळ दिसेल, पुढे वेल्डजवळ चीर पडेल. बीम बदलायचाच.

बदलताना आधी बीमखाली जॅक हवा. शॉकअपचे बोल्ट सुटले की बीम लोंबकळतो आणि सगळा भार ब्रेकच्या नळीवर येतो. मग हँडब्रेकच्या केबल, ब्रेकचे पाइप, एबीएसची वायर आणि शेवटी बॉडीला धरणारे बुशचे, म्हणजे रबरी सांध्यांचे, दोन बोल्ट.

(दृश्य: गाडी चारी चाकांवर उभी. खाली पाठीवर झोपलेले मेस्त, हातात टॉर्क पाना.)

घाईत राहतं ते हे. बुशचे बोल्ट गाडी लिफ्टवर असताना नुसते लावून ठेवायचे आणि गाडी चाकांवर उभी राहिली, वजन आलं, की मगच पक्के आवळायचे. चाकं लोंबकळत असताना आवळले तर गाडी खाली येताच रबर पिळलेलं राहतं आणि नवा बुश लवकर फाटतो. त्यानंतर ब्रेकमधली हवा काढायची आणि चारी चाकांचं अलाइनमेंट पुन्हा करायचं.

पडदा आता पूर्ण हिरवा. स्टिअरिंग मधोमध. गाडी रस्त्यावर काढली तर घूं आवाज आहेच!

"तो टायरचा, टीचर. झिजलेली कड परत भरून येत नाही. मागचे दोन्ही टायर आज बदला, नाहीतर गणेश चवथीपर्यंत हेच ऐकत फिरा."

टीचर टायरचा भाव विचारतात.