कयाकमध्ये जरा बोलत जा

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

पत्रिकेवर विषय छापलाय ‘उन्हाळा सरताना समुद्री कयाकिंग: तयारी आणि वन्यजीव निरीक्षण’. तयारीवर बोलणारच आहे, पण त्याआधी माझं जुनं दुखणं ऐकून घ्या. कयाक म्हटलं की लोक म्हणतात, वा! इंजिन नाही, आवाज नाही, म्हणजे प्राण्यांना त्रासही नाही. मला नेमकं उलटं वाटतं. आवाज नसणं हाच कयाकचा दोष आहे.

चला कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर. व्हँकूव्हर बेट आणि मुख्य भूमी यांच्यामधली जॉनस्टन सामुद्रधुनी. इथे बसलेले निम्मे जण तिकडे जायच्या विचारात आहेत, म्हणून भूगोल शिकवत नाही. जुलै ते सप्टेंबर सॅल्मन मासे नद्यांकडे परततात आणि त्यांच्या मागावर ऑर्का, म्हणजे किलर व्हेल, येतात.

आमच्या गटात एक निवृत्त न्यायाधीश होते. कुणी ‘ती बघा घार’ म्हणालं तरी ‘श्श!’ वल्हं होडीला टेकलं तरी ‘श्श!’ कोर्ट सुटलं होतं, सवय सुटली नव्हती. आमची गाईड पंचविशीची मुलगी. एका खडकावर सील पहुडले होते, पिल्लंही होती. ती चांगली लांबून वळसा घालायला लागली आणि अचानक मोठ्यांदा गायला लागली. बेसूर! इतकी बेसूर, की मागच्या कयाकवाल्यांना वाटलं हिला काहीतरी झालं. न्यायाधीश लालबुंद. “अहो बाई, आम्ही शांततेसाठी पैसे मोजलेत!” तिनं कडवं पूर्ण केलं. सीलनी मान वर करून बघितलं आणि पुन्हा आडवे झाले. मग ती म्हणाली, “साहेब, कयाक मुळात कशासाठी बनली?”

मित्रहो, उत्तर तुम्हाला माहीत आहे. आर्क्टिकच्या शिकाऱ्यांनी कातडं ताणून ही होडी बनवली ती सीलजवळ चाहूल न देता पोचण्यासाठी. आपण त्याच घडणीच्या होडीत बसतो, पाण्यालगत, किनारा धरून येतो आणि वर म्हणतो, आम्ही निरुपद्रवी! मोटरबोट सीलला लांबूनच ऐकू येते. कयाक खडकाआडून एकदम समोर उगवते. मग सगळा कळप धडाधड पाण्यात, आणि त्या गोंधळात दूध पिणारं पिल्लू आईपासून तुटतं.

यात आणखी एक गंमत आहे. तिथे ऑर्का दोन तऱ्हेच्या. मासे खाणाऱ्या अखंड बडबड्या. प्रत्येक कुटुंबाची बोली ठरलेली, पिल्लू ती आईकडून शिकतं. दुसऱ्या सील खाणाऱ्या. त्या शिकारीला निघाल्या की तोंड मिटून. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सीलना पाण्याखाली ध्वनिमुद्रणं ऐकवली. सील खाणाऱ्यांचा आवाज आला की ते पळाले, परक्या मासेखाऊ ऑर्कांच्या आवाजालाही पळाले. ओळखीच्या मासेखाऊंची बडबड मात्र चालू दिली. यातून कयाकबद्दल काही सिद्ध होत नाही, हे न्यायाधीशांनी तिथल्या तिथे नोंदवलं. निकाल राखून ठेवला. पुढच्या खडकाशी मात्र महाशय स्वतःच खाकरले!

जाता जाता सांगतो, याच ऑर्कांवर 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारनं जवळच्या सीमोर नॅरोज या चिंचोळ्या जलमार्गापाशी मशीनगन बसवली होती. सॅल्मन खातात म्हणून! ती कधी चालवली नाही, एवढंच. पुढे 1970 च्या दशकात सागरी जीवशास्त्रज्ञ मायकेल बिग यांनी पाठीवरचा पर आणि त्यामागचा करडा डाग यांचे फोटो जुळवून एकेक ऑर्का ओळखायची पद्धत बसवली, तेव्हा कळलं की त्या मोजक्याच आहेत. सील खाणाऱ्यांना आता ‘बिग्ज’ ऑर्का म्हणतात ते त्यांच्याच नावावरून.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, तयारी!

पाणी ऐन ऑगस्टमध्येही दहा अंशांच्या आसपास असतं, तेव्हा कपडे उन्हाकडे बघून नव्हे, पाण्याकडे बघून घाला. लाइफ जॅकेट अंगात, मांडीवर नको. ऑगस्टात धुकं दाटतं आणि त्याच वाटेनं मोठाली प्रवासी जहाजं जातात, त्यामुळे सामुद्रधुनी ओलांडायची की नाही हे गाईड ठरवेल, तुम्ही नाही. दुपारी वायव्येचा वारा उठतो, म्हणून निघायचं सकाळी. भरती-ओहोटीची ओढ तिथे जबर आहे, वेळापत्रकाशी हुज्जत घालू नका.

ऑर्कांपासून किमान 200 मीटर, हा कायदा आहे. त्या तुमच्याकडे येताना दिसल्या तर किनाऱ्याला सरका, कयाका एकमेकींना धरून ठेवा, वल्ही थांबवा, त्यांना जाऊ द्या. पुढे जाऊन वाट अडवायची नाही. रॉबसन बाइट हा याच सामुद्रधुनीतला छोटा उपसागर 1982 पासून राखीव आहे. तिथल्या गोट्यांवर ऑर्का अंग घासतात. त्या पाण्यात कयाकही न्यायची नाही.

शेवटचा प्रश्न घेतो. एकट्याची कयाक घ्यावी की दोघांची? नवराबायकोंनी दोघांची घ्यावी. ‘डावीकडे मार, उजवीकडे मार’ हे पहिल्या वळणालाच सुरू होतं, आणि सीलना सूचना आपोआप मिळते.