एका प्लायवर एलएचबी डबा वळेल का? मॉडेल रेल्वेचं गणित

नमस्कार मंडळी. माझ्या हातात हा एलएचबी डबा आहे, म्हणजे आपल्या लांब पल्ल्याच्या गाड्यांना असतो त्या नव्या पद्धतीच्या डब्याचं मॉडेल, १:८७ च्या मापाचं. त्याचा हा कोपरा बघा, जरा कॅमेऱ्याजवळ आणतो. रंग खरवडलेला दिसतोय? माझ्या पहिल्या लेआउटवर, म्हणजे मॉडेल रेल्वेच्या मांडणीवर, रूळ टाकले, फलाट चिकटवला, गाडी सोडली, आणि पहिल्याच वळणावर डब्याचं टोक फलाटाच्या कडेला घासलं. फलाट उखडून पुन्हा बसवायला दोन रविवार गेले. कागदावर पाच मिनिटांचं गणित केलं असतं, तर हे टळलं असतं. आज तेच गणित करू.

सुरुवात डब्यापासून. एलएचबी डबा साधारण २३,५४० मिलिमीटर लांब. एचओ स्केल म्हणजे हेच १:८७ चं माप, त्यासाठी ८७ ने भागायचं, २७० मिलिमीटर येतात. शाळेतल्या फूटपट्टीपेक्षा तीन सेंटिमीटर कमी. एन हे त्याहून लहान, १:१६० चं स्केल; त्यासाठी १६० ने भागायचं, १४७ येतात. आता एक आडाखा लक्षात ठेवा: वळणाची त्रिज्या सगळ्यात लांब डब्याच्या निदान तिप्पट हवी. दुप्पट म्हणजे अगदी काठावर. तिथे काही डबे धावतील, काही रूळ सोडतील. म्हणजे एचओला ८१० मिलिमीटर त्रिज्या, एनला ४४१.

आता पुण्याच्या भवानी पेठेतून आठ बाय चार फुटांची प्लाय आणली समजा. तिची रुंदी १२२० मिलिमीटर. दोन्ही कडांना पन्नास-पन्नास सोडा, गाडी घसरली तर जमिनीवर पडायला नको. उरले ११२०, निम्मे ५६०. या प्लायवर यापेक्षा मोठं अर्धवर्तुळ बसत नाही. एचओचा एलएचबी डबा इथे दुपटीच्या जेमतेम वर राहतो. एनमध्ये मात्र हीच त्रिज्या डब्याच्या पावणेचार पट होते. प्लाय तीच, पण एकीकडे गाडी कशीबशी वळते आणि दुसरीकडे ऐटीत वळते.

आता या ओरखड्याकडे. वळणावर डबा वाकत नाही, तो सरळच राहतो. त्यामुळे त्याचं पोट वळणाच्या आत येतं आणि टोकं बाहेर जातात. आपण बोलताना डब्यालाच बोगी म्हणतो, पण इथे बोगी म्हणजे डब्याखालची चार चाकांची गाडी. एलएचबीच्या दोन बोगींच्या मध्यांमधलं अंतर १४,९०० मिलिमीटर; एचओमध्ये १७१. या आकड्याचा वर्ग करा आणि त्रिज्येच्या आठपटीने भागा. माझं वळण ४३८ मिलिमीटर त्रिज्येचं होतं. १७१ गुणिले १७१ म्हणजे २९,२४१, भागिले ३,५०४, उत्तर ८.३. डब्याचं पोट आठ मिलिमीटर आत. टोकाचा कोपरा त्याहून जास्त, जवळजवळ साडेअकरा मिलिमीटर बाहेर. मी फलाट सरळ रुळाच्या मापाने लावला होता, डब्याला दोन मिलिमीटर मोकळे ठेवून. म्हणून आता मी फलाट वळणापासून डब्याच्या एका लांबीइतका दूर सुरू करतो.

गाडीची लांबी पटकन बघू. जोडणीसकट डबा २४ मीटर धरा. एनमध्ये बरोबर पंधरा सेंटिमीटर. सोळा डब्यांची गाडी एकट्या डब्यांचीच २ मीटर ४० होते, प्लायच्या लांबीएवढी. म्हणून घरच्या लेआउटवर पाच-सहा डबे पुष्कळ. सहा डबे ९० सेंटिमीटर, इंजिन तेरा. स्टेशनातला बाजूचा रूळ आखताना याच्यावर दोन्ही टोकांच्या सांध्यांची, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या जोडांची, लांबी धरायला विसरू नका. सांधे खूप जागा खातात.

चढाचं गणित मला सगळ्यात आवडतं, कारण आपल्या दाराशी बोर घाट आहे. तिथला चढ ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर गेल्यावर एक मीटर वर. एनमध्ये एक रूळ दुसऱ्यावरून न्यायचा, तर खालच्या गाडीची उंची आणि वरची फळी धरून साठेक मिलिमीटर चढावं लागतं. साठ गुणिले ३७, म्हणजे २ मीटर २२ सेंटिमीटर. पण खऱ्या घाटात मागून बँकर इंजिनं ढकलतात, आपल्याकडे एकच छोटी मोटर. मी ५० ला १ पेक्षा तीव्र चढ ठेवत नाही. तीन मीटर लागतात, शिवाय चढाच्या सुरुवातीला आणि शेवटी रूळ हळूहळू उचलायला थोडी जागा.

आता गेजचा, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतराचा, तिढा. आपली ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटर. एचओमध्ये ती १९.३ यायला हवी. दुकानात मिळणारा एचओ रूळ १६.५ चा, कारण तो १,४३५ च्या विदेशी गेजवरून काढलाय. म्हणजे आपलं इंजिन जवळपास तीन मिलिमीटर अरुंद रुळावर उभं राहतं. मी हे मान्य केलंय, सांधे आणि रूळ तयार मिळतात त्यासाठी. ज्यांना अचूकच हवं, त्यांना माझा सल्ला: १८९७ साली सुरू झालेली बार्शी लाइट रेल्वे करा. तिचा गेज ७६२ होता. त्याला ८७ ने भागलं की ८.८ येतात, आणि एनचा रूळ असतो ९ चा. एचओच्या मापाची गाडी, एनचा रूळ. इंजिन-डबे हाताने बनवावे लागतील, पण ब्रॉडगेजच्या गाडीला न मिळणारी वळणं तिला मिळतात.

राहिली खोली. कोथरूडचं जोशींचं मिनिएचर रेल्वे संग्रहालय बघून आलं की घरी तसंच शहर उभारावंसं वाटतं. पण तो पसारा अख्ख्या दालनाचा, आपल्याकडे दहा बाय अकराची बेडरूम. हात साठ-सत्तर सेंटिमीटरपर्यंतच नीट पोचतो, म्हणून चार फुटी प्लाय भिंतीला चिकटवू नका. पलीकडे निदान साठ सेंटिमीटर वाट ठेवा.

आता खडू आणि दोरा घ्या. फ्लॅटमधली फरशी बहुधा दोन फुटांची असते, तोच तुमचा आलेखाचा कागद. चार फरशा लांब, दोन रुंद, इतकी प्लाय आखा. दोऱ्याच्या एका टोकाला खडू बांधा, ५६० मिलिमीटरवर बोटाने दाबून धरा आणि दोन्ही टोकांची अर्धवर्तुळं काढा. मग खोलीचं दार पूर्ण उघडा, कपाटाचंही उघडा. दार खडूच्या रेषेवर आलं, तर प्लाय आणायला अजून जाऊ नका.