हिशेबात न धरलेली माणसं

(दृश्य: जुनी कृष्णधवल चित्रफीत. उघडं माळरान, दूरवर उभे राहत असलेले इमारतींचे सांगाडे.)

समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, ब्राझीलच्या पठारावर, १९५६ नंतर एक राजधानी शून्यातून उभी राहू लागली. आराखडा ल्युसिओ कोस्टा यांचा, मुख्य इमारती ऑस्कर निमायर यांच्या. २१ एप्रिल १९६० रोजी ब्राझिलियाचं उद्घाटन झालं. मंत्रालयं कुठे, घरं कुठे, मोटार कुठून वळणार, सगळं कागदावर ठरलेलं होतं. हे शहर बांधणाऱ्या हजारो मजुरांनी पुढे कुठे राहायचं, तेवढं मात्र ठरलं नव्हतं. काम संपलं की ते आपापल्या गावी जातील, असं गृहीत धरलं होतं.

ते गेले नाहीत. का जातील? त्यातले कितीतरी जण ईशान्येकडच्या दुष्काळी मुलखातून आले होते आणि इथे हाताला काम होतं. उद्घाटनाच्या दोन वर्षं आधी, १९५८ मध्येच, सरकारला टागुआटिंगा हे उपनगर वसवावं लागलं. मजुरांची एक तात्पुरती वस्ती पाडायची ठरली होती. तिथले लोक हटले नाहीत, भांडले, आणि १९६१ मध्ये कायदा करून ती वस्ती कायम करावी लागली. १९७१ मध्ये झोपड्या उठवून हजारो कुटुंबांना दूर सेइलांडियात नेऊन बसवलं. आज त्या राजधानी-प्रदेशातला सर्वाधिक लोकवस्तीचा विभाग सेइलांडियाच आहे.

(दृश्य: वरून दिसणारी शहरं. एकमेकांना भिडलेली छपरं.)

१९५० मध्ये जगातली ३० टक्के माणसं शहरात राहत होती, म्हणजे सुमारे ७५ कोटी. २०१८ पर्यंत हा आकडा ४२० कोटींवर गेला. २०५० पर्यंत दर १०० माणसांतली ६८ शहरात असतील, असा संयुक्त राष्ट्रांचा २०१८ मधला अंदाज आहे. वाढ म्हटली की बोट लगेच बाहेरून येणाऱ्यांकडे जातं. पण या वाढीचा मोठा हिस्सा शहरातच जन्मलेल्या मुलांचा असतो. वेस बंद करून ती थांबत नाही.

वेस बंद करण्याचे प्रयोगही झाले आहेत. चीनने १९५८ मध्ये 'हुकौ' नोंदणीची पद्धत पक्की केली: ज्याची नोंद गावात, त्याचे हक्कही गावात. पुढे कारखान्यांना हात हवे झाले आणि कोट्यवधी लोक शहरात आले. नोंद मात्र गावातच राहिली. आईवडील शहरात राबतात आणि मुलं गावी आजीआजोबांकडे वाढतात, कारण शहरातल्या सरकारी शाळेत त्यांना सहज प्रवेश मिळत नाही. नियम अलीकडे बऱ्याच ठिकाणी सैल झाले आहेत. पण ज्यांचं बालपण आईवडिलांविना गेलं, त्यांना ते कोण परत देणार?

(दृश्य: नदीचा काठ. जुन्या लंडनची चित्रं.)

लंडनमध्ये १८३२ पासून पटकीच्या साथी येत होत्या आणि हजारोंनी माणसं मरत होती, गरीब वस्त्यांत सर्वाधिक. समित्या बसल्या, अहवाल आले. १८५८ च्या उन्हाळ्यात सांडपाण्याने भरलेल्या थेम्स नदीची दुर्गंधी संसदेच्या खिडक्यांतून आत शिरली. खासदारांना बसवेना. मग काही आठवड्यांतच कायदा झाला, पैसा उभा राहिला, आणि अभियंता जोसेफ बॅझलजेट यांनी शहराखालून भुयारी गटारं नेली, पुढच्या वाढीला पुरतील अशा बेताने. काम भक्कम होतं. लंडन आजही ती गटारं वापरतं. पैसा आणि तंत्र जमवणं अशक्य नव्हतं, हे त्या एका उन्हाळ्याने सिद्ध केलं. मधल्या २६ वर्षांत मेलेल्या माणसांचा त्रास सत्तेच्या खिडकीपर्यंत पोचत नव्हता, इतकंच.

(दृश्य: अरुंद गल्ली. उकरलेला चर, कडेला सिमेंटचे पाइप.)

कराचीतल्या ओरंगी वस्तीने खिडकीपर्यंत वास जाण्याची वाट पाहिली नाही. १९८० मध्ये समाजसेवक अख्तर हमीद खान यांनी तिथे 'ओरंगी पायलट प्रोजेक्ट' हा प्रकल्प सुरू केला. तेव्हा सांडपाणी गल्लीत वाहत होतं, आणि गटारं घालणं सरकारचं काम आहे, ते सरकार फुकट करील, अशी लोकांची समजूत होती. खान यांनी खर्चाचा हिशेब मांडला. ठेकेदार, दलाल आणि टक्केवारी वगळली, तर गल्लीतलं गटार घरटी वर्गणीतून होण्याजोगं होतं. एका गल्लीत वीस-तीस घरं. त्यांनी आपला म्होरक्या निवडायचा, पैसे गोळा करायचे, काम स्वतः उभं राहून करून घ्यायचं. प्रकल्पाने पैसे दिले नाहीत. नकाशे, अवजारं आणि तांत्रिक सल्ला दिला. गल्लीच्या आतलं काम लोकांचं. बाहेरचा मोठा नाला आणि शुद्धीकरण सरकारचं. गल्लीमागून गल्ली जोडली गेली आणि हजारो गल्ल्यांनी आपली गटारं स्वतः घातली.

याचा अर्थ गरिबांनी सगळं आपापलं करावं, असा काढणारेही भेटतात. तो अर्थ चुकीचा आहे. मोठा नाला नसेल तर गल्लीतलं पाणी जाणार कुठे? ओरंगीची खरी कमाई वेगळी होती. आधी कोणाच्या दफ्तरी नसलेली वस्ती घराघरानिशी नकाशावर आली, आणि नकाशा हातात घेऊन लोक पालिकेशी बोलू लागले.

हा नकाशा काहींना खुपतोही. वास्तुरचनाकार परवीन रहमान यांनी या प्रकल्पात आयुष्य घातलं. पाइपलाइनमधून पाणी चोरून ते टँकरने विकलं जातं, ते कुठे आणि कसं, याच्या नोंदी त्यांनी केल्या. कोणाच्या जमिनी कोण बळकावतंय, तेही लिहून ठेवलं. १३ मार्च २०१३ रोजी कराचीत त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. ज्या घरात नळ नाही, ते घर पाण्यासाठी नळवाल्या घरापेक्षा कितीतरी जास्त पैसे मोजतं. कितीतरी शहरांत हे असंच आहे. गैरसोयीवर कोणाचा तरी धंदा चालतो. शहराच्या वाढीकडे निव्वळ नियोजनाचा प्रश्न म्हणून पाहणाऱ्यांना ही गोष्ट दिसत नाही.

(दृश्य: डोंगरउतारावरच्या विटांच्या घरांवरून सरकणारे दोरीवरचे पाळणे.)

कोलंबियातलं मेदेयिन. उतारावरच्या वस्त्या एके काळी टोळ्यांच्या ताब्यात होत्या. २००४ मध्ये पालिकेने मेट्रोला जोडलेला रोपवे थेट त्या वस्तीत नेला, पुढे तिथे वाचनालयं आणि शाळा बांधल्या. हिंसा घटण्याची कारणं अनेक होती. ते सगळं श्रेय रोपवेला देणं बरोबर नाही. पण कामावर जायला-यायला लागणारा वेळ कमी झाला, आणि शहरातली चांगली इमारत पहिल्यांदाच वरच्या वस्तीत उभी राहिली.

(दृश्य: शहराची कड. शेत, आणि शेतात रोवलेले हद्दीचे दगड.)

शहर वाढणारच असेल, तर घरं उठण्याआधी मुख्य रस्त्यांची जागा राखून ठेवावी, हे शहाणपण जुनंच आहे. १८११ मध्ये न्यूयॉर्क जेमतेम लाखभर वस्तीचं होतं, तेव्हा मॅनहॅटनच्या शेतांवरून १५५ व्या रस्त्यापर्यंतची आखणी झाली. नंतर घरं पाडून रस्ता काढायचा, तर खर्च कैक पटींनी वाढतो आणि माणसं दुसऱ्यांदा उठवली जातात. इथियोपियात हवासा, अदामा अशा शहरांनी अलीकडे वाढीची जागा अशीच आधी आखायला घेतली.

त्याच देशात दुसरी गोष्टही घडली. राजधानी अदिस अबाबाची वाढ भोवतालच्या ओरोमिया प्रांतातल्या जमिनींवर नेणारा आराखडा पुढे आला, तेव्हा आपली जमीन जाणार या भीतीने २०१४ पासून लोक रस्त्यावर उतरले. आंदोलनं दडपली गेली, माणसं मारली गेली. जानेवारी २०१६ मध्ये सरकारने तो आराखडा मागे घेतला. त्या आराखड्यातली मोकळी जागा मोकळी नव्हती. तिथे शेतकरी होते, आणि हद्दीचा दगड रोवण्याआधी त्यांच्याशी बोलायला हवं होतं.